राहून गेलेली फुली

१२ ऑगस्ट १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि तू शिवलेले दोन्ही शर्ट मिळाले. एकाची बाही अंमळ लांब आहे. मी ती दुमडून घालतो, त्यामुळे उगाच कामसू दिसतो.

कॉम्प्युटर सायन्स म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, अशी आपली समजूत होती ना? साफ चूक. आम्ही चाळीस जण, यंत्रं आठ, आणि आठवड्यातून एक तास. त्या तासात प्रोग्रॅम टाइप करायचा, चालवायचा आणि चुकला की तोंड पाडून बाहेर यायचं. माझा गेल्या खेपेला सुरू झाला तो थांबेचना. शेवटी यंत्रच बंद करावं लागलं. विभागप्रमुख सर म्हणतात, आधी चौकटीच्या कागदावर चालवून बघा. यंत्र जे करील ते आपण एकेक ओळ करत जायचं आणि कोणत्या ओळीला कोणता आकडा बदलला ते चौकटींत मांडायचं.

एवढा धीर माझ्यात कुठला? शाळेत माझी गणितं तूच तपासायचीस. सोबत माझी टिपणं आणि पुस्तकांची यादी लावायचा प्रोग्रॅम पाठवतोय. शिलाईतून उसंत मिळाली की जरा नजर टाक.

आईला नमस्कार. लोभ आहे म्हणून त्रास देतो, हे ध्यानात असू दे.

तुझा,
धांदऱ्या

२३ ऑगस्ट १९९१

चि. धांदऱ्यास,
अ. उ. आ.

बाही लांब नाही, तुझा हात आखूड आहे. मी माप दोनदा घेते.

तीन दुपारी बसून तुझा प्रोग्रॅम कागदावर चालवला. आधी काही कळेना, मग जी मजा यायला लागली! ही तर आमची कच्ची शिलाई. पक्की शिलाई मारण्याआधी कच्चे टाके घालून बघायचं, अंगाला बसतं का ते. अकराव्या ओळीला लाल पेन्सिलीने फुली केली आहे. पुस्तकं पन्नास आणि तुझा प्रोग्रॅम एक्कावन्नावं शोधत बसतो. सापडणार कुठून आणि बिचारा थांबणार कधी? मी फक्त फुली करणार. दुरुस्ती तुझी तू कर, नाहीतर शिकशील काय?

आई म्हणते, गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत आणि ही आकडे मांडत बसलीय. पडू देत. बाबा गेल्यावर माझं कॉलेज सुटलं, त्यानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पुढचा प्रोग्रॅम जरा अवघड पाठव.

वेळेवर जेव. लोभ आहेच, तो काही मापून द्यायचा नाही.

तुझी,
ताई

४ मार्च १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवटचं वर्ष संपत आलं. तुझ्या कागदांची चळत आता माझ्या उशीपेक्षा उंच झाली आहे. परवा ती सरांच्या नजरेला पडली. उभ्या उभ्या अर्धा तास वाचत होते. म्हणाले, इतक्या वर्षांत यंत्राच्या डोक्याने विचार करणारा माणूस प्रथमच पाहिला. काही कागद त्यांनी ठेवून घेतले आणि एका मोठ्या कंपनीला माझ्यासाठी शिफारसपत्रही दिलं. शाबासकी मला मिळाली म्हणजे तुलाच मिळाली असं समज.

सर उद्यापासून दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षा घ्यायला बाहेरगावी जातायत, ते वीस तारखेपर्यंत. तोवर विभागाला कुलूप आणि आम्हाला उंडारायला मोकळीक! पुढच्या वर्षापासून दोन जागा म्हणे सरांच्या हातात असतील. वयाची अट नाही, प्रवेशपरीक्षा नाही. सर समोर बसवून तपासणार, पटलं की प्रवेश. आमच्या वेळी हे असतं तर किती बरं झालं असतं.

लोभ वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.

तुझा,
धांदऱ्या

९ मार्च १९९४

चि. धांदऱ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हसू नकोस, पण त्या दोन जागांपैकी एक मला हवी आहे. लिहून टाकलं एकदाचं.

सव्वीस वर्षं म्हणजे काही म्हातारपण नव्हे. मावशी आईजवळ राहायला तयार आहे. आई आधी रडली, मग म्हणाली, जा. मशीन मी तिथेही आणीन आणि सुटीच्या दिवशी शिवीन. सरांना तू विचार. कागद माझे आहेत एवढं सांगितलंस की पुरे, बाकी मी समोर बसून दाखवीन. दोन दिवस माझं कापडात लक्ष नाही. काल एकाच कुडत्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

सरांशी बोलणं झालं की लगेच कळव. लोभ आहेच, आज थोडा स्वार्थही आहे.

तुझी,
ताई

१६ मार्च १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सरांना भेटून आलो. जागा आधीच ठरल्यासारख्या आहेत, असं म्हणाले. शिवाय इतक्या वर्षांचा खंड पडल्यावर वर्गाबरोबर पळणं जड जातं, असंही म्हणाले. मी खूप सांगून पाहिलं. मनाला लावून घेऊ नकोस. नोकरी लागली की तुला विजेवर चालणारं शिलाई मशीन घेऊन देईन.

सोबत प्रोजेक्टचा शेवटचा भाग आहे. सवडीने बघ.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धांदऱ्या

२५ मार्च १९९४

चि. धांदऱ्यास,
अ. उ. आ.

कळलं. प्रोग्रॅम तपासला. चोविसाव्या ओळीला फुली आहे, बाकी ठीक. आई बरी आहे.

तुझी,
ताई

६ जून २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, पण हे तोंडातून निघेना. तीस वर्षांनी तुला पत्र लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

आपले सर गेल्या वर्षी वारले. विभागातलं त्यांचं कपाट आता रिकामं केलं आणि माझ्या नावाचं एक पाकीट कॉलेजने धाडलं. आत तुझे कागद आहेत. वरच्या कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीने लिहिलंय: 'हा हात या मुलाचा नाही. ज्याचा आहे त्याला प्रवेश द्यायचा. मुलगा स्वतः सांगेल, वाट पाहू.'

ताई, मी सरांना तुझ्याबद्दल कधी विचारलंच नाही. त्यांनी चळत पाहून कोणाची म्हणून विचारलं तेव्हा मी माझी म्हणालो. एका क्षणात म्हणून गेलो. मग तुझं पत्र आलं. तू समोर बसून दोन ओळी लिहिल्या असत्यास तरी त्यांनी ते अक्षर ओळखलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. म्हणून ती थाप मारली.

त्या नोकरीत मी काय केलं ठाऊक आहे? दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या. त्याला टेस्टिंग म्हणतात. अख्खा मजला तेच करतो आणि अठरा वर्षं मी त्यांचा साहेब आहे. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकापुढे मी चौकटीचा कागद ठेवतो. तुझ्यासारखं अजून कोणी भेटलं नाही. तुझी खुर्ची होती, ताई. मी तीवर बसलो.

आता कुठल्याही वयात घरबसल्या शिकता येतं. तुझं नाव घालू का? लोभ मागायचं तोंड राहिलेलं नाही.

तुझा,
धांदऱ्या

१५ जून २०२४

चि. धांदऱ्यास,
अ. उ. आ.

मला माहीत होतं.

सर वीस तारखेपर्यंत बाहेरगावी, विभागाला कुलूप, हे तूच लिहिलं होतंस. आणि सोळा तारखेला तू 'काल' त्यांना भेटून आलास! दोन्ही पत्रं शेजारी ठेवून चौकटीच्या कागदावर तारखा मांडल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फुली करायला लाल पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली.

वाटलं, तू स्वतः शोधशील. राग आला होता, खूप आला होता. तुझ्या हातून ओढून घेतलेली जागा मला नको होती. सरांना मी एक कार्ड टाकू शकले असते. कार्ड घरात होतं, पत्ता तुझ्या पाकिटांवर होता. पण अर्ज करण्यापेक्षा रुसून बसणं सोपं गेलं. तिकडे सर वाट बघत होते आणि इकडे मी. दोन शहाणी माणसं, आणि एका धांदऱ्याच्या भरवशावर बसली. चूक दिसली की फुली करायची, हा नियम माझाच. तो मीच मोडला, याचं मला तुझ्या थापेपेक्षा जास्त वाईट वाटतं.

नाव घालू नकोस. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सुईत दोरा शेजारीण ओवून देते. चौकटी आता एकमेकींत मिसळतात. मला ती जागा सव्विसाव्या वर्षी हवी होती.

सोबत तुझं सोळा मार्चचं पत्र परत पाठवते आहे. पहिल्याच ओळीला लाल फुली केली आहे, जरा वाकडी आली. दुरुस्ती मी करत नसते, तुला ठाऊक आहे. या खेपेला ती तुलाही करता येणार नाही.

शर्टाचं माप पाठव, अंदाजाने अजून शिवता येतं. लोभ कमी करायचा प्रयत्न मी त्या वर्षी करून पाहिला होता. जमला नाही.

तुझी,
ताई