उंदरांनी माती खाल्ली नाही

१७ फेब्रुवारी २०२५
सहाव्या दिवशीही तेच! साधं पाणी पाजलेल्या उंदरांनी सरासरी वीस ग्रॅम खाद्य संपवलं, पी-११ हे माझं नवं औषध दिलेल्यांनी नऊ. निम्म्याहून कमी. औषध ॲम्फेटामिनच्या कुळातलं — मेंदूत नॉरॲड्रेनालिन वाढवतं आणि भूक मारतं. एम.फार्मचा अख्खा प्रबंध या नऊ ग्रॅमवर उभा राहणार. कॉलेजातून भिंगारला खोलीवर चालतच आले. रिक्षा करायचं लक्षातच आलं नाही.

१९ फेब्रुवारी
गाईड मोनिका मॅडमनी आकडे पाहिले. शांतपणे विचारलं, "भूक गेलीय, की मळमळतंय?"
मीच उलट विचारलं, उंदराला उलटी होत नाही, कळणार कसं?
"मळमळलं की उंदीर माती खातो. पिंजऱ्यात चिनी मातीच्या गोळ्या ठेव. गोळ्या कमी झाल्या, तर तुझं औषध भूक मारत नाही, आजारी पाडतं."
तसं निघालं तर दीड वर्ष पाण्यात.

२० फेब्रुवारी
गोळ्या वजन करून ठेवल्या.

२७ फेब्रुवारी
सात दिवस झाले. गोळ्या जशाच्या तशा. तीनदा वजन केलं. उंदरांनी माती खाल्ली नाही — आणि मीही नाही! मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता भूक म्हण."

१२ मार्च
आज आधी नॉरॲड्रेनालिनची वाट अडवणारं औषध दिलं, मग पी-११. उंदीर पुन्हा अठरा ग्रॅमवर! म्हणजे भूक याच वाटेनं मरते. रस्ता सापडला. मॅडमनी स्वतः चहा मागवला.

२० मे
व्हायवा झाली. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मातीचं कोणाला सुचलं?" म्हटलं, मॅडमना. "पण निकालाला घाबरून टाळलं नाहीस," म्हणाले. पीएचडीला ये, विषय घेऊन ये म्हणाले. मी — पाथर्डीच्या ऊसतोडणीवाल्या लंकाबाईची सुकन्या!

२३ मे
घरी आले. धाकटी बहीण मामाकडे गेलीय, आई एकटीच. जेवताना तिला आलेख दाखवला.
"कशाचं औषिद म्हनलीस?"
"भूक मारायचं."
आई हसली. "त्याला औषिद कशाला? मिसरी हाय की. फडावर भाकरी कमी पडायची. तुमी दोघी खाऊन उठस्तोवर मी दोनदा लावायची. भूक लागतच न्हाई मग."
सहज बोलली, ताटं उचलता उचलता. मी जागेवरून उठलेच नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूत निकोटिन — तेही उत्तेजक, तेही भूक मारतं. परीक्षेत दोनदा लिहिलंय मी हे. पैकीच्या पैकी मिळाले होते.

२४ मे
पीएचडीसाठी नोंद पहिली. लंकाबाई, वय ५४. ऊसतोड, सव्वीस हंगाम. मिसरी — दिवसातून सहा वेळा. कारण — मुलींना भाकरी पुरावी म्हणून.