चाळीस मिनिटांच्या फांद्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर होत असलेल्या अन्यायाची दखल सरकार घेणार नाही, निदान या वहीने घ्यावी. सदर बोट गेले चार दिवस माऊसचं चाक फिरवतं आहे. चॅटबॉटने सकाळी विचारलेला प्रश्न दुपारी पुन्हा हवा असला की वर, वर, आणखी वर. वाटेत माझे प्रश्न, माझ्या चुका, त्यावर त्याच्या दिलगिऱ्या. सव्वीस वर्षं महाड कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवते आहे. किती जणांच्या साक्षी, किती उलटतपास या हातांनी टाइप केले. बोटाने कधी तोंड उघडलं नव्हतं. आता दुखतंय म्हणतं.

साप्ताहिकातल्या माझ्या सदराला विषय झकास होता. पण मामला घरचा आहे, सदरात जाणार नाही.

मामला असा. धाकटा भाऊ दिनू एमआयडीसीतल्या एका कंपनीत एकोणीस वर्षं ऑपरेटर. गेल्या महिन्यात पहिल्या पाळीला रिअॅक्टर सोडून चाळीस मिनिटं गायब. तापमान चढलं, बॅच फुकट गेली. कोणाला इजा नाही, पण दिनू निलंबित. १३ तारखेला खात्याची चौकशी. नोकरी राहणार की जाणार, ते तिथे ठरणार. बाहेरचा माणूस आत चालत नाही, म्हणजे मीही नाही. म्हणून इथेच तालीम. चॅटबॉटला सांगितलं, तू चौकशी अधिकारी हो (यापुढे चौ.अ.), आणि दयामाया ठेवू नकोस. ठेवत नाही.

५ नोव्हें.

बोटाची सुटका. नवी सोय सापडली. यात गप्पा एकाखाली एक घसरत नाहीत. पडद्यावरच्या मोठ्या पाटीवर प्रत्येक प्रश्न-उत्तराची एक चौकट, चौकटीतून रेघ, रेघेच्या टोकाला पुढची चौकट. कुठल्याही जुन्या चौकटीवर परत जायचं, दुसरं उत्तर द्यायचं, तिथून नवी फांदी फुटते. जुनी जागच्या जागी. चौकटींना रंगही देता येतो.

कोर्टात अशी पाटी असती तर निम्मे साक्षीदार सुटले असते. उरलेले निम्मे मात्र हमखास आत.

रंग ठरवले. जिथे उत्तर निभावतं तिथे हिरवा. जिथे पकडला जातो तिथे लाल.

७ नोव्हें., शुक्र.

दिनू गावाहून, कापड्याहून, बाईक घेऊन आला. भाताची झोडणी अर्धी टाकून. कानात तूस.

त्याचा खुलासा एका ओळीचा: पोट बिघडलं, संडासला गेलो. लेखी दिलेला आहे. टाइप मी केला. "पोटाच्या तीव्र विकारामुळे" हे शब्द माझे. तेव्हा स्वतःवर खूश होते.

आज त्या एका ओळीतून सतरा फांद्या काढल्या. कुठला संडास? शेडमधला, तर तिथून अलार्म ऐकू येतो, आलात का नाही? गेटजवळचा, तर तिथल्या रजिस्टरला सही का नाही? पोट एवढं बिघडलं तर प्रथमोपचार खोलीत गोळी घेतलीत का? जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये काय खाल्लंत? (मिसळ. देवा.)

सतराच्या सतरा खाली जाऊन लाल. पाटी लांबून बघितली तर लग्नाचा मांडव.

"दिन्या, होतास कुठे?"

"सांगितलं ना."

"मला नाही, याला सांग. हा अठरावी काढतोय."

हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग पाटीकडे बघतच बोलला. सदू. आमच्या कापड्याचाच, वरच्या आळीतला, कंत्राटी कामगार. आदल्या रात्रीची पाळी स्वतःच्या कार्डावर केली, लगेच सकाळची दुसऱ्याच्या कार्डावर. ड्रमांच्या आवारात चक्कर येऊन पडला. दिनूने उचलून सावलीला नेला, पाणी मारलं, शुद्धीवर येईपर्यंत बसला. प्रथमोपचार खोलीत नेला नाही, कारण तिथे कार्ड बघतात.

"मग हेच सांग ना."

"आक्का, त्याला त्याच दिशी काडतील. कार्ड दुसऱ्याचं म्हनजे पोलिसात पन देतील. ही फांदी उघडायची नाय. सांगून ठेवतोय."

निघताना हेल्मेट विसरला, परत आला, घेऊन गेला.

९ नोव्हें., रवि.

कापड्याला गेले. अठरा कागद छापून डिंकाने जोडून नेलेली पाटी. पडवीत पसरली, दिनूला पाठ करायला. एकोणीस वर्षं वाफेचे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस परीक्षेला बसल्यासारखा पुटपुटतो आहे. आम्ही संडासाच्याच गोष्टीला डागडुजी करतो आहोत. त्यातल्या त्यात कमी लाल अशी एक फांदी मिळाली आहे. म्हणजे उशिरा पकडला जातो.

भावजय सुनंदा झोडणीवरून पाणी प्यायला आली. कागद बघून जागीच उभी.

"वंशावळ काडलीव वाटतं. कुनाच्या वाटणीची?"

"वंशावळ नाही गो. दिनूच्या चौकशीची आहे."

तिला काही पटलं नाही. पदराला हात पुसून खाली बसली, बोटाने रेघा धरत वरपासून खालपर्यंत गेली. सासऱ्यांच्या जमिनीला वारस लावताना तलाठ्याकडे असाच कागद झाला होता आणि त्यात तिच्या नणंदेचं, म्हणजे माझं नाव राहून गेलं होतं. तेव्हापासून असा कागद दिसला की ती माणसं मोजते.

"ह्याच्यात एक मानूस राहिलाय," म्हणाली. "चाळीस मिनिटं हे कुनाकडं होते, तो नाय ह्याच्यात."

तिला सदूचं काही माहीत नाही. दिनूने बायकोलाही सांगितलेलं नाही. ती उठून झोडणीला गेली. मी उगीचच डिंक पुन्हा लावला.

११ नोव्हें., मंगळ.

दुपारी कोर्टाची सुट्टी, दुकानात कोणी नाही. दिनूने मना केलेली फांदी उघडली.

खरं ते सगळं टाइप केलं, नावासकट. चौ.अ. पहिल्यांदा चवताळला: मग खुलाशात खोटं का लिहिलंत? उत्तर: घाबरलो. त्यानंतर चार प्रश्न, पहिले तीन हिरवे. कुठे पडला, कुणी बघितलं, पाणी कुठून आणलं, काम कोणाला सांगून सोडलं. शेवटच्याला पिवळा रंग दिला, धड निभावलं नाही आणि पकडलंही नाही, कारण कोणालाच सांगितलं नव्हतं. सरळ खाली जाणारी आखूड फांदी. सतरा फांद्यांत जे जमलं नाही ते पाच चौकटींत.

आणि तिच्या बाजूला चौ.अ.ने आपणहून एक रेघ काढली: "सदर कामगार कोणाच्या कार्डावर कामावर होता, याची स्वतंत्र चौकशी व्हावी."

हात चाकावरच राहिला. दिनू घाबरतो ते यालाच.

पुसायला गेले तर विचारतो, ही चौकट आणि खालच्या सर्व काढून टाकायच्या? हो म्हटलं. गेली. पण मी वाचलेलं कुठे काढणार.

हेही लिहून ठेवते, नाहीतर उद्या यंत्राची आरती सुरू करीन: हा चौ.अ. मी कडक हो म्हटलं म्हणून कडक आहे. माफ कर म्हटलं असतं तर सत्कारही केला असता. खरा कसा असेल याची हमी पाटीत नाही.

१३ नोव्हें., गुरु.

चौकशी. दिनू साडेदहाला आत गेला, मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. पहिल्या पाळीचे लोक आत, दुसरीचे यायचे. रस्त्यावर मी, दोन कुत्री आणि टँकर.

साडेबाराला बाहेर आला. चेहरा बघूनच कळलं. चौ.अ. पुण्याचे कोणी वकील, अगदी मऊ बोलणारे. पाटीवर नसलेल्या प्रश्नाने सुरुवात केली: "किती वर्षं झाली इथे?"

दिनूच्या डोक्यात पहिली चौकट होती "काम का सोडलंत" ही. म्हणाला, "पोट बिघडलं होतं."

"किती वर्षं?"

"एकदाच."

चौ.अ. हसले नाहीत. लिहून घेतलं. पुढचा प्रश्न कुठला, याचं कुठलं उत्तर, सगळं एका घराने पुढे सरकलेलं. मध्येच दिनूला कळलं, तेव्हा तो थांबला, तर तेही लिहून घेतलं: "कर्मचारी उत्तर देत नाही." पुढची तारीख २०.

दिनू टपरीपर्यंत चालत आला आणि म्हणाला, "आक्का, पाट केलं ना, म्हनून चुकलं." बस आली म्हणून घाईने चढले. नांगलवाडीपर्यंत मला रडू येत होतं, नंतर हसू. एकोणीस वर्षं पोट बिघडलेला माणूस. सदरासाठी देणगीच. नाही लिहिणार.

१४ नोव्हें.

दिनू दुकानात. आज तो बोलला, मी टाइप केलं. पाठ करणं बंद.

"खरं सांगनार. मानूस पडला होता, मी पानी दिलं. नाव नाय सांगनार."

"नाव विचारतील."

"विचारू देत."

नवी फांदी काढली: खरं, पण नाव नाही. चौ.अ.ने नाव अकरा वेळा विचारलं. गोडीने, दमाने, नियम दाखवून. अकराही वेळा दिनूचं एकच उत्तर. लाल कुठेच झाली नाही, हिरवीही नाही. अकरा पिवळ्या चौकटी एकाखाली एक, झेंडूच्या माळेसारख्या. शेवटी चौ.अ. म्हणतो, साक्षीदाराअभावी कथनाला आधार नाही.

"म्हणजे नोकरी गेली?" दिनू.

"बहुतेक."

"बरं."

मी खूप बोलले. दोन मुलींची शिक्षणं, सोसायटीचे हप्ते, हातात दुसरं काम नाही, सगळं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "आक्का, तू ना, चौ.अ.हून वाईट विचारतेस." आणि चहा सांगितला. निर्णय झालेला माणूस चहा वेगळा पितो. फुंकर मारत नाही.

१७ नोव्हें., सोम.

पाळी सुटल्यावर सदू आला. आपणहून. दिनूने धाडलं नव्हतं, त्याला कळलं तर चिडेल.

पायताण दाराबाहेर. दुकानात पायताण काढणारं गेल्या दहा वर्षांतलं पहिलं गिऱ्हाईक. चाळिशीचा, बारीक, डोळे खाली.

"बाय, दिनूभाऊची फांदी काडलीव म्हनं, वैनी सांगत व्हत्या. माजी पन काडा."

काढली. दोनच फांद्या. सदू बोलतो. सदू बोलत नाही.

"बोलतो"च्या खाली यंत्राने लिहिलं, कंत्राटदार कामावरून कमी करण्याची शक्यता आहे. वाचून दाखवलं तर सदू हसला. "शक्यता कसली? काडनारच. आनी हितं लिवा, दोन म्हैन्यांनी कंत्राट संपतंय, तवा तसं पन काडनार हाय. आनी हितं लिवा, कार्ड दुसऱ्याचं घ्या असं मुकादमानंच सांगितलं. मी एकटा नाय, आठ जन हाव." त्याच्या बोटाखाली मी चौकटी घालत गेले. यंत्राला यातलं काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गेल्या वर्षी दुसऱ्याच्या कार्डावर काम करणाऱ्यांवर मी एक खुसखुशीत लेख लिहिला होता. मुकादमाचं नावही त्यात नव्हतं. सदूने तो वाचलेला नसावा. मी विचारलं नाही.

मग दुसरी फांदी. "बोलत नाही"खाली एकच चौकट: सदूवर परिणाम नाही.

सदूने त्या चौकटीखाली बोट ठेवलं.

"हितं खाली कायच नाय?"

"तुला कोणी विचारणारच नाही ना. म्हणून नाही."

"दिनूभाऊचं घर माज्या वाटेवर हाय. रोज सकाळी जायचं त्याच्या अंगनावरनं. तो पडवीत बसलेला असनार, काम नसल्यावर. ती चौकट कुटं हाय?"

घातली. "अंगणावरून जातो, रोज." यंत्र त्याखाली काहीतरी सुचवायला लागलं, मी थांबवलं.

काय करणार ते बोलला नाही. मीही विचारलं नाही, आणि माझ्या तोंडाला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. पाटीचा कागद मागितला. चार घड्या करून खिशात घातला, पायताण घातलं, पोलादपूरच्या एसटीला गेला.

२० नोव्हें., गुरु.

गेटसमोर. वही मांडीवर.

दिनू अकराला आत गेला. हातात काही नाही, पाठ काही नाही. इस्त्रीचा शर्ट सुनंदाने दिला. तिला परवा सगळं सांगितलं त्याने. ती एवढंच म्हणाली म्हणे, "मंग आदी का नाय बोललाव," आणि भात मोजायला गेली.

सव्वाअकराला सदू. आज त्याची दुसरी पाळी, म्हणजे यायला अजून खूप अवकाश. मला बघून थांबला.

"आज कोणाच्या कार्डावर?" जीभ माझी. सवयीने बोलून गेली.

"माज्याच." गळ्यातलं कार्ड उलटं झालं होतं, सरळ करून दाखवलं.

गेटमधून आत गेला. आत रस्ता दोन बाजूंना जातो, डावीकडे शेड, उजवीकडे ऑफिसचा जिना. नेमका त्याच वेळी टँकर मध्ये आला. टँकर गेला तेव्हा दोन्हीकडे कोणी नव्हतं.

आता पावणेबारा. पाटीवर इथून पुढे कुठलीच फांदी काढलेली नाही. काढता आली असती, मोबाइल हातात आहे. नको.

गेल्या गुरुवारी बसच्या घाईत दोन चहाचे पैसे द्यायचे राहिले होते. टपरीवाल्या बाईंच्या लक्षात नाही, आजही त्यांनी न मागता चहा पुढे केला, हसून. आजच्या चहाचे दिले. मग आणखी वीस रुपये बरणीखाली सरकवले.

"हे कशाचे?"

"मागच्या वेळचे."

त्यांनी नोट डब्यात टाकली आणि भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं. मी गेटकडे तोंड करून बसले आहे.