गाळलेली ओळ

तीर्थरूप बाबांना सविनय नमस्कार.

आईने नको म्हटले असताना पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, क्षमा असावी.

गाठ पूर्ण निघाली, स्तन वाचला, आई नीट जेवते आहे. गाठीच्या जागी पडलेला खड्डा भरण्यासाठी उद्या सकाळी डॉक्टर तिच्या पाठीचा स्नायू पुढे वळवून बसवतील.

संमतिपत्र मीच तिला वाचून दाखवले. उजव्या खांद्याची ताकद काही महिने, क्वचित कायमचीही, कमी होते, ही ओळ मात्र मी गाळली. “लेक शिकलेली आहे, मला कसला घोर,” म्हणत तिने सही केली. वर म्हणाली, “महिनाभरात दुकानात उभी राहते बघ. तुझ्या बाबांच्या हाती इस्त्री दिली की कॉलरची पार रया जाते.”

तुम्ही वेळेवर जेवता ना?

बाबा, घाबरून ती नकार देईल, या भीतीने मी गप्प राहिले. पण हात तिचा आहे. आता वर वॉर्डात जाऊन ती ओळ तिला वाचून दाखवते. ऐनवेळी जीभ अडखळू नये म्हणून हे पत्र आधी पेटीत टाकते; तुम्हाला कळवल्यावर मला माघार उरणार नाही.

तुमची थोरली

पेटीत टाकले: मंगळवार, १४ मार्च २००६, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे