भिंतींचे लेपन करू नये

आई, तोंडाने मी तुला कायम 'आये' म्हटलं. कागदावर मात्र लेखणी आपसूक 'आई' लिहिते. तू गेलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आता शेहेचाळीस पुरी झाली. म्हणजे तू जेवढं जगलीस त्याहून मी कितीतरी जास्त जगून बसलोय. लोक मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही. हिवतापाच्या डासांवर घरोघर डीडीटी फवारणाऱ्या सरकारी पथकाचा मी मुकादम आहे. पण चिखलीपासून चाकणपर्यंत ज्याच्या खिशाला पेन दिसतं तो मास्तर, आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला बरं वाटत आलंय. आज दुपारी पथकाला सुटी आहे. टेबलाशेजारी नव्या पत्रकांचे गठ्ठे रचून ठेवलेत, अजून सुतळीही सोडलेली नाही. त्यांच्याकडे पाठ करून बसलोय.

भाद्रपद लागला की गौरींच्या आधी तू घर पोतारायला काढायचीस. ओढ्याच्या दरडीची पिवळी माती आदल्या दिवशी भिजत घालायची, खडे हाताने वेचायचे, शेण किती घ्यायचं ते तुझ्या बोटांना ठाऊक. उजवीकडून डावीकडे अर्ध्या चंद्रासारखा हात फिरायचा, आणि एका फेऱ्याची कड दुसऱ्यावर बरोबर दोन बोटं चढलेली असायची. खालची पट्टी तू मला द्यायचीस. एकदा मी कणगीमागचा कोपरा तसाच सोडला. तू पोतेरं माझ्या हातात परत दिलंस आणि म्हणालीस, "तुला दिसत न्हाई म्हनून भितीला दिसत न्हाई व्हय रं? कोपरा ऱ्हायला की समदं ऱ्हायलं." मी आज माझ्या माणसांना हेच सांगतो, फक्त शब्द बदलून. तोटी भिंतीपासून दीड फूट, जवळ नाही, लांब नाही. हात खालून वर आणि वरून खाली, एका पट्ट्याची कड दुसऱ्यावर चढलेली. ही पद्धत पुस्तकातली आहे असं मी सगळ्यांना सांगतो. पुस्तकात आहेही. पण मी पुस्तक वाचलं तेव्हा माझा हात ते आधीच शिकलेला होता.

तू गेलीस त्या वर्षी हिव भरलेलं असताना भिंत पोतारलीस. "येवढी झाली की निजते," म्हणालीस. निजलीस ती तीन घोंगड्या अंगावर घेऊन, बाहेर ऊन रखरखत असताना. दात वाजत होते तुझे. शेजारणी दारात उभ्या राहून म्हणाल्या, भाद्रपदात वाळूक खाल्लं, दुसरं काय व्हनार. तूही तेच म्हणालीस. बापाला म्हणालीस, "माजंच चुकलं. वाळूक खाल्लं म्या." सगळ्या गावाचं त्यावर एकमत होतं आणि तुझंही होतं, म्हणून मीही पुढची वीस वर्षं वाळकाला हात लावला नाही.

वाळकाचा काही संबंध नव्हता, आई. हे मला लढाईच्या वर्षांत कळलं, देहूरोडला लष्कराच्या डेपोत ओझी वाहत होतो तेव्हा. मराठी चौथीवर शाळा संपलेली. खोक्यांवर उमटवलेली इंग्रजी अक्षरं बघून बघून मी एबीसीडी शिकलो, मग एका हवालदाराने टाकून दिलेलं हिवतापाचं चोपडं मिळालं आणि शब्दकोश शेजारी ठेवून ते दीड वर्षात संपवलं. त्यात डासाच्या मादीचं चित्र होतं. ती माणसाचं रक्त पिते, जड होते, तिला उडवत नाही, म्हणून जवळच्या भिंतीवर जाऊन बसते. तेवढंच तिचं वर्म. भिंतीवर औषध असेल तर पायाला लागून ती मरते, पुढच्या माणसाला चावायला उरत नाही. मी ते पान कितीदा वाचलं सांगता येणार नाही. तुझ्या घोंगडीच्या वरच भिंत होती, हातभर अंतरावर.

म्हणून मी या कामात शिरलो आणि या कामाचा मला गर्व आहे. होता. पावडर मी स्वतः मोजतो, फडक्यातून दोनदा गाळतो, नाहीतर तोटी तुंबते आणि पट्टा तुटक पडतो. माझ्या पथकाने फवारलेल्या घरात गोठा सुटत नाही, माळा सुटत नाही. पण माझी मतं या राज्यकारभाराबद्दल काही चांगली नाहीत. पिंपरीला बुरशीपासून औषध करणारा कारखाना उभा राहिलाय. लोक रविवारी बायकापोरं घेऊन कुंपणाबाहेरून बघायला जातात आणि परत येऊन गंडा बांधतात. चावडीवरच्या रेडिओत आरोग्यावर भाषण लागतं, ते असं असतं की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणीतरी मेलंय आणि हा शोकसंदेश आहे. योजना इंग्रजीत जन्मते, तिचं बारसं शुद्ध मराठीत होतं, आणि ज्या घरासाठी ती असते त्या घराच्या उंबऱ्याशी येऊन ती मुकी होते. हे मी कित्येक वर्षं तावातावाने बोलत आलो. बोलताना मी स्वतःला कुंपणाच्या अलीकडचा समजत होतो.

गेल्या वर्षी आमच्या साहेबांकडे वरून इंग्रजी पत्रक आलं. फवारणीनंतर घरच्यांनी काय करावं, काय करू नये. त्यातली महत्त्वाची गोष्ट एकच: दोन-अडीच महिने भिंतीवर नवं काही चढवू नका, नाहीतर औषध खाली गाडलं जातं. साहेब सभ्य माणूस. म्हणाले, "कोणाकडून तरी मराठी करून घ्यायला हवं." मी म्हणालो, "मी करतो." दोन रात्री नाही, आई, पुरे आठ दिवस मी त्यावर बसलो. खोडलं, पुन्हा लिहिलं. त्या ओळीशी आलो तेव्हा पहिल्यांदा हातात कुठला शब्द आला असेल ते तुला सांगायला नको. भिंती पोतारू नका. लिहिला आणि त्याच्याकडे बघितलं. खाली सरकारी मोहर येणार, वर सिंहाची मुद्रा येणार, आणि मध्ये पोतेरं. मी शब्दकोश उघडला. 'भिंतींचे लेपन करू नये' असं लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "मुकादम, तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो." महिनाभर मी ते वाक्य अंगावर शालीसारखं घेऊन हिंडलो.

श्रावणात आम्ही चिखलीला फवारलं. एका घरात विशी-बाविशीची बाई होती, कडेवर तान्हं पोर. नवरा पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर. औषध वाळलं की भिंतीवर पांढरे पट्टे उठतात, ते बघून ती म्हणाली, "अवो मास्तर, आता ह्या कोडाच्या भिती. गौरीला काय सांगू, मुकाट आत ये आन् वर बगू नगंस?" माझी माणसं हसली. मलाही हसू आलं होतं, पण मी मुकादम. मी पत्रक तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "काय करायचं, काय नाही, सगळं यात लिहिलंय. मालक आले की वाचून घ्या." पंप उचलला आणि पुढच्या घरात गेलो. एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता ते मी नंतर मोजून बघितलं. एक श्वास पुरतो.

आश्विनात कळलं, तिला थंडी-ताप भरला, बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, गोळ्या दिल्या, पण ताप डोक्यात गेला होता. चौथ्या दिवशी गेली. मी त्या घरी गेलो ते चौकशीसाठी, कारण माझ्या फवारलेल्या घरात असं व्हायला नको होतं. खरं लिहायचं तर मी औषधाची बाजू घ्यायला गेलो होतो. भिंत स्वच्छ पिवळी, कुठे पट्टा नाही, कोपरेसुद्धा नीट भरलेले. खिशातल्या चाकूने मी थोडं खरवडलं. वर पिवळी माती, खाली माझं पांढरं औषध, कापडाच्या घडीत ठेवल्यासारखं जसंच्या तसं. मी अहवाल लिहिला. साहेबांनी त्याखाली शेरा मारला: सूचना देऊनही जनतेच्या अज्ञानामुळे उपाय निष्फळ. मी तो वाचला आणि मला तो बरोबर वाटला. मीसुद्धा तेच म्हणत होतो, सूचना दिली होती, छापील दिली होती.

मग हिवाळ्यात तिचा नवरा मला आळंदीच्या रस्त्यावर भेटला. सायकल हातात धरून बराच वेळ माझ्याबरोबर चालला. रागावलेला नव्हता. त्याला फक्त सांगायचं होतं. "मास्तर, आमी कागद मानला बरं का. कामावरनं आलो आन् दिव्याम्होरं बसून वाचला. तिसरी शिकल्यालो हाय मी. ती म्हनली, लेपन म्हंजी काय वो? म्या म्हनलं, लेप. वैद्य लेप देतो न्हाई का, तसला. भितीचं औशद अंगाला लागू द्यायचं न्हाई, आसं सांगत्याती. ती म्हनली, मंग पोराचं काय, त्ये तर भित धरूनच हुबं ऱ्हातंय. म्हनून मंग तिनं दुसऱ्या दिशी समदं पोतारून घेतलं. पोराच्या हाताला लागू नये म्हनून."

आई, तेव्हा मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. घरी येऊन पत्रक काढलं आणि तुझ्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. लेपन. आपल्या अख्ख्या पट्ट्यात एकही बाई हा शब्द बोलत नाही. जी भिंत लिंपते, जी जमीन सारवते, जी चूल पोतारते, तिच्यासाठी तो कागद होता, आणि तिच्या हातातल्या कामाचं नावच त्यात नव्हतं. ती अज्ञानी नव्हती. सांगितलेलं पाळणारी बाई होती. मी सांगितलं ते तिने पाळलं, आणि त्या भिंतीवर ती डासाची मादी निर्धास्त बसली असणार, मऊ, नव्या मातीवर.

यंदाच्या फवारणीसाठी पत्रक पुन्हा छापायला निघालं. मी कच्च्या छपाईवर ती ओळ खोडली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: भिंती पोतारू नका, लिंपू नका, चुना लावू नका. साहेबांनी चष्मा वर केला. म्हणाले, "अहो, हे फार बोलीतलं झालं. वर गेलं तर हसतील. तुमचं आधीचंच काय वाईट आहे? किती नेटकं वाक्य आहे ते." तिथे मला सांगता आलं असतं. साहेब, त्या नेटक्या वाक्यामुळे चिखलीत एक बाई मेली, आणि ते वाक्य माझं आहे. साहेब वाईट नाहीत, त्यांनी ऐकलं असतं. मी म्हणालो, "जसं तुम्हाला योग्य वाटेल तसं." त्यांनी लाल शाईने माझी ओळ खोडली आणि जुनीच ठेवली. ते गठ्ठे आता या खोलीत आहेत. माझ्या पथकाच्या गावांत मी तोंडाने सांगेन, घसा फुटेस्तोवर सांगेन, पिंपळे गुरवपासून सुरुवात करीन. पण हे पत्रक आणखी कितीतरी पथकांच्या पिशव्यांतून जाणार आहे, ज्या गावांची नावंही मला ठाऊक नाहीत. तिथे कुणीतरी नवरा ते दिव्यासमोर मोठ्याने वाचील.

परवा चिखलीच्या चावडीवर फवारणीचे वार ठरवायला गेलो होतो. तिचा नवरा तिथे आला. पोर आता आजीजवळ असतं म्हणाला, चालायला लागलंय. खिशातून जुनं पत्रक काढलं, घडीवर फाटलेलं. म्हणाला, "कामावर येक कारकून हायेत, त्यान्ला इचारलं. त्ये हासले. म्हनले, लेपन म्हंजी पोतारनं, येवढं कळत न्हाई?" मग माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस हाय. येक सांगा. ह्ये मला कळाया पायजे हुतं ना? माजंच चुकलं ना?"

चार माणसं बसली होती. पाटील होता, तलाठी होता. त्या माणसाला माझ्याकडून एकच शब्द हवा होता, नाही. तेवढा मिळाला असता तर तो घरी जाऊन जेवला असता. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणालो, "इथून पुढे कागद नीट वाचत जा."

"व्हय मास्तर," म्हणाला. पत्रकाची घडी घातली आणि गेला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना नाही. त्याच्या घरी जाईन, असं तीन दिवस म्हणतोय आणि गेलो नाही, आणि जाईन की नाही हे मला खरोखर माहीत नाही. तुला लिहिलं, आये, ते एवढ्याचसाठी की तुला वाचता येत नाही.