बोस्टनच्या पाण्यातले मासे

गुरुजी, काल माझ्या नातीने मोबाइलवर एक प्रश्न मोठ्याने वाचला. बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या पाण्यात का फेकल्या? ती कसल्याशा परीक्षेची तयारी करतेय, खाली दिलेल्या उत्तरांतून एक निवडायचं असतं. मी भाजी निवडत होते, मान वर न करता म्हटलं, "कर लावला म्हणून." पोरगी बघतच राहिली. सातवी शिकलेल्या आजीला हे कुठून ठाऊक, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. तिच्या उत्तरांत माशांचं उत्तर नव्हतं, तेवढं मात्र मी चष्मा लावून बघून घेतलं.

तुम्हाला आठवत असणार. आरमोरीची आपली शाळा सातवीला संपायची, आणि मुलींचं शिक्षण तर त्याच्या आधीच. त्या वर्षी नागपूरहून कुठल्याशा अमेरिकन संस्थेने पाठवलेलं खोकं आलं, गुळगुळीत कागदाच्या मराठी पुस्तिकांचं, अमेरिकेच्या इतिहासाच्या. चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, परीक्षा होणार होती आणि पहिल्या येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला नागपूरच्या वसतिगृहात राहून मॅट्रिकपर्यंत शिकता येणार होतं. तुम्ही त्याच संध्याकाळी सायकलवरून आमच्या घरी आलात. बाबा अंगणात जाळं विणत होते. भद्रावतीचं स्थळ सांगून आलेलं होतं, मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला. तुम्ही खाटेवर बसून म्हणालात, "पोरगी पह्यली आली तं नागपूरले जाईल. नाई आली तं मी तुमच्या दारात पाय नाई ठेवणार, तुमी खुशाल लगन करा." बाबा हसले. मासे धरणाऱ्या ढिवराची पोर अमेरिकेच्या परीक्षेत पहिली येईल हे त्यांना शक्यच वाटत नव्हतं, म्हणून त्यांनी लगेच मान डोलावली. दाराआडून मी ऐकत होते. माझं सगळं आयुष्य त्या खाटेवर ठरलं आणि मला कोणी विचारलंदेखील नाही.

मग पाठांतर. रविवारी तुम्ही मला वर्गात बसवून बाहेरून कडी घालता आणि ओसरीवर बसून राहता, आई मला मासे विकायला बाजारात घेऊन जाऊ नये म्हणून. आत मी, भिंतीवर पाल, आणि अमेरिकेचं स्वातंत्र्य. कडी लावलेल्या खोलीत स्वातंत्र्य पाठ करताना मला हसू यायचं, पण हसायची हिंमत नव्हती. तुम्ही खिडकीतून प्रश्न टाकायचात आणि मी उत्तर द्यायची. कधी मी उत्तरापुढे काही विचारलं की तुमचा आवाज चढायचा. "इचारलं तेवढंच सांगायचं. एक शबद जास्त नाई." एकदा मी विचारलं होतं, ती सगळी जमीन आधी कोणाची होती? तुम्ही छडी खिडकीच्या गजावर आपटलीत. मला राग आला होता, गुरुजी. आजही येतो.

चांद्याच्या त्या सभागृहात मी विजेचा पंखा पहिल्यांदा पाहिला. समोर टेबलामागे गोरा साहेब, शेजारी त्याचं बोलणं मराठीत सांगणारे एक चष्मेवाले गृहस्थ. तुम्ही मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मी एकामागून एक उत्तरं देतेय, कुठे अडत नाही. शेवटी चहाचा प्रश्न येतो. मी सांगते, कर लावला म्हणून. साहेब खूश होतो, काहीतरी बोलतो. चष्मेवाले म्हणतात, "शाबास. साहेब विचारतात, तुला यावर आणखी काही सांगायचंय?"

आजवर मला असं कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही मागून खाकरलात, तेही ऐकू आलं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग तेथचे मासे मेले असतीन ना जी?"

सभागृहात हशा पिकला. चष्मेवाल्यांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, पुस्तकात नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीचा डोह आटत आला की रानातली कडू फळं ठेचून पाण्यात टाकतात, मासे गुंगून वर येतात, मग पोरंसुद्धा हातांनी गोळा करतात. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्या डोहात काही मिळत नाही. एवढा पेट्या पेट्या चहा टाकला तर तिथल्या ढिवरांनी मग काय खाल्लं? साहेबाला हे सगळं सांगितलं गेलं तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याने स्वतः उठून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आपण पहिले आलो.

पहिला नंबर चांद्याच्या एका वकिलाच्या मुलाला मिळाला. तो विचारलं तेवढंच बोलला होता. मला खास बक्षीस म्हणून अमेरिकेचा रंगीत नकाशा दिला. गुंडाळी करून, वर लाल फीत बांधून.

परतीच्या बसमध्ये मी शिव्यांची वाट बघत होते. वाटेत मूल गावच्या स्टँडवर तुम्ही मला भजी घेऊन दिलीत आणि दुसरीकडे बघत म्हणालात, "मासे मेले का नाई, मले माहीत नाई पोरी. मी इतके वर्स शिकवून राह्यलो, पण हे माह्या मनातच नाई आलं." मास्तराच्या तोंडून 'माहीत नाही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या भज्यांपेक्षा मोठं बक्षीस मला जन्मात मिळालं नाही, हे खरंच सांगते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आलात. दारात पाय ठेवला नाहीत, अंगणाच्या कुडाशी सायकल धरून उभे राहिलात. म्हणालात, "पोरगी लय हुशार हाय, भाऊ." बाबा म्हणाले, "हाय ना जी. पण शबद पह्यल्या नंबराचा होता. तुमीच देल्ला." आईने गुळाचा चहा बाहेर आणून दिला. तुम्ही तो उभ्याउभ्या प्यायलात, कप कुडाशी खाली ठेवलात आणि निघून गेलात. गावात सगळे म्हणाले, मास्तर शब्दाला जागले.

वैशाखात लग्न झालं. भद्रावतीच्या त्या घरात खिडकी एकच, चुलीच्या वर. तिच्याशेजारी मी नकाशा लावला. सासू म्हणायची, "काय कामाचा हा कागद?" धुराने आधी समुद्र काळा झाला, मग जमीन. भात शिजेपर्यंत मी सगळी उत्तरं मनात म्हणत असे, चहापाशी येऊन थांबत असे. नवरा वाईट नव्हता. घरही वाईट नव्हतं. पण बाहेरून कडी लागल्याचा आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही, आणि या वेळी ओसरीवर तुम्हीही नव्हतात.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. एक शब्द जास्त बोलले याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती. तुम्ही कुडाशी उभे राहून चहा पीत होतात, तेव्हा मी दाराआड बोचकं बांधून बसले होते. दोन लुगडी, फणी आणि तो नकाशा. तुम्ही बाबांना नुसतं "तरीबी" एवढं म्हणाला असतात, तर मी बाहेर येणार होते.