ठोकळ्याचं वजन

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण सध्या मी जमिनीवर आडवा झालो की एक प्राणी ताबडतोब पाठीवर येऊन बसतो आणि मग मला उठता येत नाही. तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्याच मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का, की अजून पाहुणे आले की तेवढ्यापुरता येतो? तुझी पत्रं वेळेवर मिळतात. प्रत्येकात तू एकच विचारतेस, नीट जेवतोस ना, आणि मी प्रत्येक उत्तरात लिहितो की माझं उत्तम चाललंय. (एकदा तर आधीच्या पत्राच्या मसुद्यावरून जसंच्या तसं उतरवून काढलं होतं. तुझ्या लक्षात आलं असणार, पण तू बोलली नाहीस.) आज मात्र सविस्तर लिहितो, कारण विषय माझा नसून एका कुत्र्याच्या वजनाचा आहे, आणि दुसऱ्याच्या वजनाबद्दल माणसाला मोकळेपणाने लिहिता येतं. कुत्रा हा शब्द वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. पुन्हा उचल. लहानपणी ज्याने तुझी पोटरी धरली होती तो बिचारा केव्हाच वर गेला, त्याचा राग सगळ्या जातीवर काढण्यात अर्थ नाही.

तर झालं असं. मी वखारीत काय करतो ते तुला ठाऊक आहे, पण दाजींना अजून वाटतं की मी लाकडं फोडतो, म्हणून पुन्हा सांगतो. मी भुईकाट्यावर असतो. जमिनीत बसवलेल्या भल्यामोठ्या लोखंडी पाटावर ट्रक चढतो, मी काचेच्या खोलीत बसून आकडा वाचतो आणि चिठ्ठी फाडून देतो. दिवसभर मी ज्यांच्याशी बोलतो ते सगळे ट्रकमध्ये बसलेले असतात आणि इंजिन चालू ठेवून बोलतात. तक्रार नाही, नुसतं सांगतोय. या वखारीतून फळ्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा मालकांनी ठरवलं की राखणीला कुत्रा आणायचा, आणि तोही साधासुधा नव्हे, बुलडॉगच्या वळणाचा, कामाचा. इथपर्यंत मालक आणि त्यांचे भागीदार यांचं एकमत होतं. भांडण लागलं ते आकारावरून. मालक अंगाने भरभक्कम. त्यांचं म्हणणं, कुत्रा फाटकात बसला की फाटक दिसता कामा नये, पन्नास किलोच्या खाली बोलूच नका. भागीदार काडीपैलवान. ते म्हणाले, पन्नास किलोचा कुत्रा चोर येईपर्यंत धापा टाकेल आणि चोर गेल्यावर झोपेल, आपल्याला ओंडक्यांच्या थप्पीवरून उडी मारणारा तिशीतला हवा. थोडक्यात, प्रत्येकाला आपल्यासारखाच कुत्रा हवा होता. (मला कुणी विचारलं नाही. मला कुत्राच नको होता.)

मग कुत्रेवाल्या बाई आल्या. या बाई अशीच कुत्री वाढवतात आणि विकतात, आणि माणसांशीसुद्धा 'बस', 'थांब' एवढंच बोलून भागवतात. त्यांनी दोघांना खाली बसवलं आणि सांगितलं की कामाच्या बुलडॉगचं वजन नुसतं वजन म्हणून बघायचं नसतं, उंचीच्या मानाने बघायचं. नर पस्तीसपासून पन्नासपर्यंत कुठेही चालतो, पण धावता धावता बैल अडवता आला पाहिजे आणि धावून झाल्यावर श्वास घेता आला पाहिजे. खरी खूण म्हणजे शेवटची बरगडी. ती हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. एवढं बोलून त्यांनी गाडीतून एक उतरवला. अजून वाढीला लागलेला, तीस किलोचा, चौकोनी डोक्याचा, रुंद छातीचा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपल्याला चुकीच्या लग्नाला आणलंय. वखारीतल्या माणसांनी तिथल्या तिथे त्याचं नाव ठोकळा ठेवलं.

भागीदारांना तीस पसंत, मालकांना नापसंत. मालक म्हणाले, बाईंच्या तोंडाचं तीस मी मानत नाही, माझा काटा काय म्हणतो ते बघू. अक्का, भुईकाटा वीस-वीस किलोंनी मोजतो. ट्रकला तेवढं पुरतं. त्याला वीस कळतात, चाळीस कळतात, मधलं काही कळत नाही. (आपल्या थोरल्या काकांसारखं.) ठोकळा पाटावर चढला आणि आकडा आला चाळीस. मालकांची छाती फुगली. भागीदारांनी ठोकळ्याला कुंपणापर्यंत फिरवून आणला, तिथे त्याने एका खांबाला नमस्कार केला, पुन्हा चढवला तर वीस. मालकांचं म्हणणं पडलं की भागीदारांनी एका फेरीत कुत्रा अर्धा केला. मी खिडकीतून काट्याचं गणित समजावू लागलो, पण आपल्याच काट्याला खोटं म्हणणारा नोकर कुठल्या मालकाला आवडतो? शेवटी तोडगा निघाला तो असा की ठोकळ्याला पंचेचाळीसपर्यंत वाढवायचा, मग वखारीत ठेवायचा, आणि तोपर्यंत तो माझ्या घरी राहील. का, तर वजन हे माझं खातं.

घरी आणला. तुला माझं घर आठवत असेलच, दोन खोल्या, खाली घड्याळजी, वर मी. ही गेल्यापासून त्या घरात कुणी पाहुणा आला नव्हता, आणि आला तो थेट खाटेवर चढला. मी हिचं ते वजनाचं यंत्र खाटेखालून काढलं. तुला माहीत आहे, दर रविवारी ती मला त्यावर उभं करायची आणि आकडा मोठ्याने वाचायची, शेजारच्या इमारतीला कळेल असा. शेवटचा आकडा बहात्तर. तो मला पाठ आहे. ठोकळा एकटा त्या यंत्रावर उभा राहीना, चार पायांना जागा पुरेना, तेव्हा जगाची रीत केली: त्याला कडेवर घ्यायचं, दोघांनी मिळून उभं राहायचं आणि त्यातून माझे बहात्तर वजा करायचे. प्रश्न एवढाच की ठोकळा कडेवर असताना मला काटाच काय, माझे पायसुद्धा दिसत नाहीत. म्हणून घड्याळजींना वर बोलावलं. ते डोळ्याला आपलं भिंग लावून जमिनीवर ओणवे झाले आणि म्हणाले, त्र्याण्णव. म्हणजे ठोकळा एकवीस.

मला धक्का बसला, पण फार नाही. घर सुटलं की नऊ किलो जाऊ शकतात, असं मी मनाशी म्हटलं. त्यात मला नवल वाटलं नाही.

मग त्याला खाऊ घालायला सुरुवात केली. अंडी, मांस, भात, पुन्हा अंडी. एरवी मी संध्याकाळी काय करायचो ते तुला लिहिलेलं नाही. दोन पाव आणि चहा, उभ्यानेच, कारण एकट्यासाठी ताट मांडून बसलं की समोरची जागा फार मोठी दिसते. आता भांडं भरून भात लावायला लागलो. तो खाताना मी शेजारी बसायचो, आणि तो इतक्या मनापासून खायचा की माझं पोट बघूनच भरायचं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ते मी करून दाखवलं, फक्त मी आंधळा नव्हतो, मला मजा वाटत होती. रविवारी घड्याळजी भिंग घेऊन यायचे, आकडा वाचायचे आणि मग सावकाश चहा घेऊन जायचे. पण वजन काही धड वाढेना. ठोकळ्याची मान ओंडक्यासारखी झाली, जिना उतरला की घड्याळजींची सगळी घड्याळं भिंतीवर थरथरायची, माझी पाठ धरली, आणि माझ्या वजाबाकीत तो अजून सदतिसावरच अडलेला. मालक विचारायचे, झाला का? मी प्रामाणिकपणे सांगायचो, अजून नाही. अक्का, देवाशपथ प्रामाणिकपणे. पण 'अजून नाही' म्हणताना मला फार बरं वाटायचं, हेही खरं.

एके दिवशी मालक, भागीदार आणि बाई तिघेही जिना चढून घरी आले. बाईंनी सोबत आपला सपाट काटा आणला होता, कुत्र्यांसाठीच केलेला. ठोकळा त्यावर आज्ञाधारकपणे बसला. शेहेचाळीस. मालकांनी टाळी वाजवली. मी म्हटलं, हे शक्य नाही, रविवारी आम्ही दोघे एकशे नऊ होतो, त्यातून माझे बहात्तर गेले की सदतीस, हवं तर घड्याळजींना विचारा. बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बहात्तर कोण?" मग ठोकळ्याला उतरवलं आणि मला म्हणाल्या, "बस." मी बसलो. म्हणजे काट्यावर.

त्रेसष्ट.

घोडं कुठे पेंड खात होतं ते सगळ्यांनाच कळलं. बाईंनी ठोकळ्याच्या कुशीत हात घातला, मग माझ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "कुत्र्याची बरगडी हाताला लागत नाही, यांची डोळ्याला दिसते." मी इतके दिवस एकदाही त्या यंत्रावर एकटा उभा राहिलो नव्हतो, अक्का. आकडा वाचणारं कुणी नसताना उभं राहून करायचं काय?

ठोकळा त्याच दिवशी वखारीत गेला. मी संध्याकाळी घरी आलो आणि सवयीने भांडं भरून भात लावला, आणि मग तो भात तसाच बघत बसलो. एकटं वाटलं. आधीही वाटायचं, पण आधी मी त्याला शांतता म्हणायचो. वखारीत म्हणशील तर ठोकळ्याने राखणीचं काम एक मिनिटभरही केलं नाही. दिवसभर तो माझ्या खोलीत माझ्या पायावर बसायचा (पाय अजून बधिर आहे) आणि ऊन वाढलं की ट्रकच्या सावलीत जाऊन झोपायचा. सावली कुठे पडते? पाटावर. ट्रक सकाळी रिकामा तोलायचा, ऊन चढल्यावर भरलेला, आणि फरक तो माल. रिकाम्या ट्रकच्या वेळी तो माझ्यापाशी आणि भरलेल्या ट्रकच्या वेळी ट्रकखाली, त्यामुळे वखारीतून जाणारा प्रत्येक माल चिठ्ठीवर चाळीस किलोंनी जास्त भरू लागला. एका सुताराने वाकून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. बोंब झाली. मी घरी जायला निघालो की ठोकळा फाटकात बसून असा रडायचा की चोर सोडाच, गिऱ्हाइकंसुद्धा बिचकायला लागली. आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. मालक आणि भागीदार यांचं पूर्ण एकमत झालं, की हा कुत्रा कामाचा नाही. बाईंना निरोप गेला, घेऊन जा.

मी बाईंना म्हटलं, मला द्या. त्या लगेच नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की शेहेचाळीस किलोच्या कुत्र्याने मांजर पाहिलं तर त्रेसष्ट किलोचा माणूस पट्ट्याला लोंबकळत मागोमाग जातो, त्यात कुत्र्याची सवय बिघडते. कामाच्या कुत्र्याला वजन लागतं तसं त्याला धरणाऱ्यालाही लागतं, सत्तरच्या खाली त्या कुत्रा देत नाहीत. त्यांच्याकडे गुरांवर ठेवायला असाच नर शोधणारा एक गवळी तयार आहे. तरी एवढी मेहेरबानी केली की ठोकळा महिनाभर माझ्याकडे राहील. महिन्याने त्या काटा घेऊन येतील आणि या वेळी मला तोलतील. सत्तर भरलो तर कुत्रा माझा, नाही तर गवळ्याचा.

तर असं सगळं आहे. बाकी माझं उत्तम (ही सवय आहे, दुर्लक्ष कर). दाजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ
(वजन वरीलप्रमाणे)

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, म्हणून स्पष्ट लिहितो. ही गेल्यापासून तू दर पत्रात लिहितेस, महिनाभर माझ्याकडे येऊन राहा, आणि मी दर वेळी कामाचं निमित्त काढतो. मालकांनी रजा दिली आहे, कुत्र्याचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत येऊ नका असं म्हणाले. मला त्रेसष्टावरून सत्तरवर जायचं आहे आणि ते मला एकट्याला जमत नाही, करून पाहिलं. येऊ का?

आणखी एक. मी एकटा येणार नाही, हे तू ताडलं असशील. तुझ्या पोटरीची पूर्ण जबाबदारी माझी. तो चावत नाही, फक्त बसतो. तुझ्या गुडघ्यांना शेक हवाच आहे.

आणखी एक, आणि हे शेवटचं. काल घड्याळजींना बोलावलं आणि पहिल्यांदाच एकटा यंत्रावर उभा राहिलो. भात खायला लागून आठवडा झालाय, म्हटलं बघू. त्यांनी भिंग लावलं आणि हळूच म्हणाले, चौसष्ट. मी म्हटलं, जरा मोठ्याने वाचा हो, शेजारच्या इमारतीला कळेल असं. ते भले गृहस्थ, त्यांनी वाचलं. पण अक्का, त्यांचा आवाज फार बारीक आहे. तुझा चांगला खणखणीत आहे.