जावयाच्या घरचं मीटर

२ एप्रिल ९८
विजेचं बिल आलं. ह्यांनी मुद्दाम आईसमोर मोठ्यानं वाचलं. "फ्रीजच खाऊन राह्यला सारा पैसा." आई तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. फ्रीज माझ्या पगारातून, हप्त्यांवर. मीटर ह्यांच्या नावावर, म्हणून बोलायचा हक्क ह्यांचा. फ्रीजमध्ये ह्यांचं दही, शेजाऱ्यांचा बर्फ, आणि आईच्या इन्सुलिनची एवढीशी बाटली. बोलणी बाटलीला.

५ एप्रिल
परीक्षेची ड्यूटी, वारासिवनीला. पहिल्या बसनं जायचं, दिवेलागणीला परत. निघण्याआधी आईला सुई देते. ती लेकीच्या घरचं फुकट खात नाही, जेवणाआधी देव्हाऱ्यात रुपया ठेवते. ह्यांना त्यात काही गैर वाटत नाही. खैरलांजीला वसंता, माझा सख्खा भाऊ, तिचीच शेती करतो. औषधाचा विषय काढला की त्याला ऐकू येत नाही.

१४ एप्रिल
संध्याकाळी लोणी पातळ, पाणी कोमट. फ्रीजचा गॅस गेला की काय. मेकॅनिक बोलावते म्हटलं तर हे म्हणाले, "आता हाही खर्च!" आईचं तोंड कोरडं पडतंय, सारखी पाणी पिते. ड्यूटी संपली की दाखवायला...

१९ एप्रिल
आई न्हाणीत चक्कर येऊन पडली. साखर भलतीच वाढलेली. डॉक्टर विचारतात, "दवा गरमी में रखी थी क्या?" मी तिथंच ह्यांच्याकडे पाहिलं. मी निघाल्यावर तासाभरानं हे निघतात. जाता जाता फ्रीजचं बटण बंद करत असणार, दुसरं कोण? घरी येऊन मी ह्यांना नको नको ते बोलले. हे एवढंच म्हणाले, "मी काहून करीन?" विश्वास बसला नाही. नवी बाटली आणली.

२२ एप्रिल
पेपर लवकर आटोपला, दुपारीच घरी. बटण बंद. फ्रीजला टेकून आई बसलेली.
"तू गेली का बंद, तू यायच्या आधी चालू. दार नाही उघडलं तं थंडच राह्यते ना व. जावयाच्या घरचं मीटर माह्यापायी फिरावं, शोभते का?"
इतकं होऊनही! मरशील की, म्हणून ओरडले. मग रडूच आलं.
जेवताना ह्यांना सांगितलं. माफी मागायची होती. ऐकून हे हसले. "पाहाय, तिले तरी समजते." माफी घासाबरोबर गिळली.

२५ एप्रिल
आईनं वसंताला निरोप धाडला, न्यायले ये. त्याच्याकडे फ्रीज नाही, वीज असून नसल्यासारखी. पीसीओवरून म्हणतो, "बाटली पाण्याच्या मटक्यात ठेवू ना ताई, का होते?" हे म्हणाले, "त्याईच्या मनात असन तं जाऊ दे." केवढं हे मोठं मन!
आईला म्हटलं, माझ्या घरी राहायची लाज कसली?
"तुह्यं असतं तं राह्यली असती, बाई."
लग्नापासूनचा पगार या घरात ओतला.

२६ एप्रिल
वसंता आलाय, बाहेरच्या खोलीत ह्यांच्यासोबत चहा पितोय. आईची पिशवी दाराशी. तिनं दोनदा हाक मारली, "बाटली दे व, बस निघून जाईन."
बाटली आत आहे. मी फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसलेय. कोणी उठवायला येतं का, पाहते.